परांचीला खिडकी हवी

हिमेजीच्या किल्ल्यात मी भिंतीच्या अगदी जवळ गेले, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. चारशे वर्षांच्या वास्तूला येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावायचा नसतो, हे मला कळतं. पण सवय जुनी आहे. माझे वडील चुन्याचे गवंडी होते. वाईच्या आसपासच्या कितीतरी वाड्यांचे आणि देवळांचे गिलावे त्यांनी केले. चुन्याची भिंत डोळ्यांनी नव्हे, तळहाताने पारखायची, असं ते सांगत. नीट घोटलेला चुना भर उन्हाळ्यातही हाताला गार आणि गुळगुळीत लागतो. घाईत उरकलेला चुना हाताला पीठ सोडतो. मी चाळीसच्या आसपास वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण भिंत दिसली की माझ्यातली गवंड्याची मुलगी आधी जागी होते.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे कोबेला होतो. तिथून हिमेजी आगगाडीने पाऊण तासावर. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर सरळसोट रुंद रस्ता आणि किलोमीटरभर अंतरावर, रस्त्याच्या टोकाला, टेकडीवर किल्ला. त्या दिवसांत तिकडेही पावसाळा असतो. आपल्या घाटातल्यासारखा कोसळणारा पाऊस नाही, दिवसभर झिमझिम. करड्या आभाळाखाली तो पांढरा किल्ला असा दिसत होता की रस्त्यात माणसं छत्री मागे कलती करून थांबत होती. जपानी लोक त्याला शिरासागी-जो म्हणतात, म्हणजे पांढऱ्या बगळ्याचा किल्ला.

या किल्ल्याबद्दल लिहायचं म्हटलं की सौंदर्य, स्वच्छता, शिस्त यावर लिहिण्याचा मोह होतो. ते सगळं तिथं आहे. पण मला त्याबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचं आहे दुरुस्तीबद्दल. हिमेजी आज उभा आहे तो केवळ मजबूत बांधला म्हणून नाही. तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला गेला, दुरुस्ती करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, आणि अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीत ते काम लोकांच्या डोळ्यांसमोर झालं. यातली शेवटची गोष्ट आपण उचलली पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी किल्ल्याबद्दल. टेकडीवर तटबंदी त्याआधीही होती, पण आज दिसतो तो किल्ला इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०१ ते १६०९ या काळात उभारला. तो जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासु याचा जावई. मुख्य मनोरा, म्हणजे तेन्शु, बाहेरून पाच मजली दिसतो, आत मात्र सहा मजले आणि खाली एक तळघर आहे. दगडी चौथरा जवळजवळ १५ मीटरचा आणि त्यावर साडेएकतीस मीटरची लाकडी इमारत. दगड आणि चुना डोळ्यांना दिसतो, पण आतला सगळा सांगाडा लाकडाचा आहे.

वर जाण्याची वाट सरळ नाही. हिशी दरवाजातून आत शिरल्यावर मनोरा हाताच्या अंतरावर वाटतो. मग वाट वळते, भिंतींच्या मधून जाते, मध्येच उतरते आणि मनोरा पाठीमागे गेल्यासारखा वाटतो. आपल्याकडे क, ख, ग म्हणावं तशी तिथल्या दरवाजांना अक्षरांची नावं आहेत: इ, रो, हा, नि, हो. दरवाजा जितका पुढचा, तितका अरुंद आणि ठेंगणा होत जातो. शत्रूचा जमाव एकदम आत घुसू नये म्हणून ही रचना. गोमुखी बांधणीच्या दरवाजातून वर गेलेल्या मराठी माणसाला ही युक्ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. भिंतींमध्ये जंग्या आहेत, कुठे गोल, कुठे त्रिकोणी, कुठे चौकोनी, कुठे उभ्या लांबट. लांबट जंग्या बाणांसाठी आणि बाकीच्या ठासणीच्या बंदुकांसाठी. आजही अशा हजारभर जंग्या शिल्लक आहेत. आणि एवढी सगळी तयारी असून या मनोऱ्यावर कधी लढाई झाली नाही.

पांढरा रंगही शोभेसाठी नाही, हे मला तिथं जाऊन उमगलं. लाकडी इमारतीचा मोठा वैरी आग. म्हणून भिंतीच नव्हे, छपराच्या वळचणीची लाकडंसुद्धा चुन्याने लिंपली आहेत. कौलांच्या सांध्यांतही चुना भरला आहे, त्यामुळे वाऱ्यापावसात कौलं जागची हलत नाहीत. लांबून छपरं पांढरी दिसतात ती या सांध्यांमुळे. कौलं स्वतः राखाडीच आहेत. या चुन्याला ते शिक्कुइ म्हणतात. त्यात विरवलेला चुना, शिंपल्यांचा चुना, तागासारख्या झाडाचे तंतू आणि समुद्रातलं शेवाळ उकळून काढलेली खळ असते.

हे वाचताना मी वडिलांच्या घाणीपाशी जाऊन पोचले. चुना हौदात विरवायचा, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा, त्यात बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी आणि तडा जाऊ नये म्हणून तागाचे बारीक कातरलेले तुकडे. तिकडे समुद्र जवळ म्हणून शेवाळ, इकडे डोंगर जवळ म्हणून बेल आणि हिरडा. दोन देशांतल्या गवंड्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण चुन्याला चिकटपणा लागतो आणि धरून ठेवायला तंतू लागतात, हे दोघांनाही कळलं होतं.

मनोऱ्यात जाताना पादत्राणं काढून पिशवीत घालून हातात घ्यायची. पायाखाली फळ्यांची जमीन, गुळगुळीत झालेली. जिने इतके उभे की कठडा घट्ट धरूनच चढावं लागतं. आत सिंहासन नाही, दालनं नाहीत, नक्षी नाही. भिंतीला शस्त्रं अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यांत सैनिक दबा धरून बसायच्या जागा, आणि सगळ्या मजल्यांना वर घेऊन जाणारे दोन प्रचंड खांब. सरदार इथं राहत नसे. हा अडचणीच्या वेळचा बालेकिल्ला होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटं देवस्थान आहे. तिथल्या खिडकीतून आपण आलो तो सरळ रस्ता थेट स्टेशनपर्यंत दिसतो.

ते दोन खांब पूर्वेचा आणि पश्चिमेचा म्हणून ओळखले जातात. दोन्ही जवळजवळ २५ मीटर उंच, तळघरापासून थेट वरच्या मजल्याच्या खालपर्यंत गेलेले. तिसऱ्या मजल्यावर मुलाने मला थांबवलं. म्हणाला, “आई, हा पश्चिमेचा खांब नीट बघ. हा एका झाडाचा नाही.” १९५६ ते १९६४ या काळात अख्खा मनोरा उतरवून पुन्हा उभा केला गेला. तेव्हा पूर्वेचा खांब पुन्हा वापरता आला, पण पश्चिमेचा कुजलेला निघाला. एवढ्या उंचीचं एकसंध झाड मिळवणं जिकिरीचं होतं. किसो खोऱ्यातून आणायचं हिनोकीचं झाड मोडलं. शेवटी एक लाकूड किसोचं आणि एक जवळच्याच कासागाता देवस्थानाच्या आवारातलं, अशी दोन लाकडं जोडून खांब उभा केला. तो सांधा तिसऱ्या मजल्याच्या आसपास आहे. त्यांनी तो लपवलेला नाही. काढलेला जुना खांबही फेकला नाही, सरपणात घातला नाही. तो बाहेर मांडून ठेवला आहे. कुठे कुजला होता, आपल्या डोळ्यांनी बघून घ्या.

त्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मनोरा शेकडो वर्षं एका बाजूला कललेला होता. बांधकामाच्या मुख्य सुताराला हा कल दिसला आणि त्याने तोंडात पटाशी धरून वरून उडी घेतली, अशी दंतकथा तिथं सांगतात. मनोरा उतरवल्यावर कळलं की सुताराचा काही दोष नव्हता. खालचे पायाचे दगड वजनाने कमी-जास्त खचले होते. मग त्या दगडांच्या जागी काँक्रीटचा पाया घातला गेला. परंपरा जपणाऱ्या देशाने आपल्या सर्वांत प्रिय किल्ल्याच्या पायात काँक्रीट घातलं, आणि ते उघडपणे सांगितलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. जपणूक म्हणजे सोवळं पाळणं नव्हे. कुठे काय बदललं, का बदललं, जुनं काय होतं, याचा चोख हिशेब ठेवणं म्हणजे जपणूक.

हा किल्ला अनेकदा हातचा जाता जाता राहिला आहे. १८७३ साली नव्या सरकारने देशभरातले किल्ले निकाली काढायचा हुकूम काढला. पुष्कळ किल्ले पाडले गेले. हिमेजीचा लिलाव झाला आणि बोली २३ येन ५० सेनची होती, असं सांगतात. पाडण्याचा खर्चच परवडेना म्हणून तो तसाच राहिला. १८७८ साली नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने वरिष्ठांना विनंती करून त्याच्या जपणुकीची सोय करून घेतली. हिशी दरवाजाच्या आत त्याच्या स्मरणार्थ दगड उभा आहे. १९४५ च्या जुलैत शहरावर बॉम्ब पडले, सभोवतालचं शहर जळलं. किल्ल्यावर आधीच काळी जाळी पांघरली होती. वरच्या मजल्यावर पडलेला आगीचा बॉम्ब फुटला नाही. दुसरे किल्ले एवढे नशीबवान ठरले नाहीत. जुन्या काळातले मूळ मनोरे आज साऱ्या जपानात फक्त बारा उरले आहेत.

नशिबाचा भाग इथं संपतो. पुढचं सगळं कष्टाचं आहे.

१९४९ च्या जानेवारीत होर्यू-जी या प्राचीन मठाच्या मुख्य मंदिरात आग लागली आणि भिंतीवरची जुनी चित्रं जळाली. त्या धक्क्यातून १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. १९७५ साली त्याच कायद्यात एक तरतूद घातली गेली, तिने माझं लक्ष सर्वांत जास्त वेधलं. वास्तू जपायची तर ती दुरुस्त करण्याचं कसबही जपलं पाहिजे, असं मानून त्या कसबांना आणि ती धारण करणाऱ्या कारागिरांना सरकारी मान्यता मिळू लागली. २०२० साली युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तू जपण्याच्या १७ पारंपरिक कौशल्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात सुतारकाम आहे, छप्पर शाकारणं आहे, आणि भिंतीचा गिलावाही आहे. गिलावा करणाऱ्याचा हात जगाच्या वारशात. हे वाचलं तेव्हा वडील डोळ्यांसमोर आले. संध्याकाळी विहिरीवर हात धुताना चुन्याने फाटलेली बोटं ते कधी कोणाला दाखवत नसत.

आणि आता परांचीची गोष्ट. २००९ च्या शरदात हिमेजीच्या मनोऱ्याची पुन्हा मोठी दुरुस्ती सुरू झाली. छपरांवरची ७५ हजारांच्या आसपास कौलं उतरवून तपासून पुन्हा बसवायची, भिंतींचा गिलावा नवा करायचा, असं काम होतं. मनोऱ्याभोवती परांची उभी राहिली आणि तिला वरपासून खालपर्यंत आच्छादन आलं. पाहुण्यांनी यावं तर बघायला उरलं काय, असा प्रश्न कोणालाही पडला असता. तिथं त्यांनी काय केलं? परांचीलाच लागून मजले बांधले, काचा बसवल्या, वर जायला लिफ्ट ठेवली आणि लोकांना आत बोलावलं. २०११ पासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत लोक त्या उंचीवर जाऊन, छपराच्या बरोबरीने उभे राहून कारागिरांना काम करताना बघत होते. त्या जागेला नाव दिलं होतं तेन्कू नो शिरासागी, आभाळातला पांढरा बगळा.

मुलाच्या शेजारी एक आजी राहतात. त्या वेळी त्या नातवाला घेऊन गेल्या होत्या. मुलाने त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं. काचेपलीकडे एक कारागीर गुडघ्यावर बसून कौलाच्या सांध्यात चुना भरत होता. छोटी थापी, एका ओढीत एक पट्टा, मग मागे सरकायचं आणि पुढचा सांधा. नातू काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिला की मागच्या लोकांना पुढे जाऊ द्यायला त्याला बाजूला ओढावं लागलं. तो मुलगा आज मोठा झाला आहे. आजही किल्ला दिसला की तो छपराच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, तो सांधा भरताना मी पाहिला आहे.

त्या मुलासाठी तो किल्ला आता इकेदा तेरुमासाचा राहिला नाही. तो त्याचा झाला. इतिहासाच्या पुस्तकातल्या कितीही पानांनी जे साधलं नसतं, ते काचेमागच्या त्या उभ्या राहण्याने साधलं. चाळीस वर्षं वर्गात काढलेली मी हे पूर्ण विचाराने लिहिते आहे.

२०१५ च्या मार्चमध्ये मनोरा पुन्हा खुला झाला तेव्हा तो इतका पांढरा दिसला की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. शिरासागीच्या जागी शिरोसुगी, म्हणजे फारच पांढरा, असं नाव पडलं. पण दहा वर्षांनी, पावसात, मी पाहिलं तेव्हा छपरांच्या सांध्यांवर करडेपणा उतरला होता. चुन्यावर बुरशी आणि शेवाळ धरतं, तसा तो काळवंडत जातो. यात बिघाड काही नाही. चुन्याचं वयच असं असतं, आणि ते वय झालं की पुन्हा परांची चढते.

दुरुस्ती उघड्यावर आणायची ही रीत एकट्या हिमेजीची नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने कुमामोतोच्या किल्ल्याच्या दगडी भिंती ढासळल्या. पडलेल्या दगडांना क्रमांक घातले गेले, जुन्या छायाचित्रांशी ताडून कोणता दगड कुठला ते शोधलं जाऊ लागलं. सगळं काम २०५२ पर्यंत चालेल असा अंदाज आहे. तोवर लोकांनी थांबायचं का? २०२० साली जमिनीपासून सहा मीटर उंचीवर साडेतीनशे मीटर लांबीची वाट बांधली गेली. तिच्यावरून चालत लोक ते काम बघतात. उत्तरेकडच्या हिरोसाकीत मनोऱ्याखालची दगडी भिंत फुगली, म्हणून २०१५ साली तीन मजली मनोरा उचलून सत्तर-एक मीटर बाजूला सरकवला. तेव्हा गावकऱ्यांनाही दोर ओढायला बोलावलं होतं. रथाचा दोर हाती लागला की माणसाला काय वाटतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. आमचे हे त्या दिवशी वर आले नाहीत. दोन्ही गुडघे कुरकुरतात, ते उभे जिने त्यांना जमण्यातले नव्हते. सूनबाई त्यांच्यासोबत खाली थांबली. आधीच्या आठवड्यात ओसाकाचा किल्ला मात्र त्यांनी पाहिला होता. तिथला आजचा मनोरा १९३१ साली लोकवर्गणीतून काँक्रीटमध्ये बांधलेला, आत संग्रहालय आणि लिफ्ट. नागोयात काँक्रीटचा मनोरा काढून पुन्हा लाकडाचा बांधायचं घाटतं आहे, आणि त्यात लिफ्ट असावी की नसावी यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. चालता न येणाऱ्यांचं म्हणणं आहे की नव्याने बांधताय तर आम्हाला बाहेर का ठेवता. मला त्यांचं पटतं. नवं बांधताना सगळ्यांसाठीच बांधावं. पण हिमेजीसारख्या मूळ लाकडी मनोऱ्याचा मजला कापून लिफ्ट घालावी, असं मी म्हणणार नाही, आणि आमचे हेही म्हणाले नाहीत.

खाली आल्यावर त्यांना मी परांचीवरच्या लिफ्टची हकिगत सांगितली. ते जरा वेळ मनोऱ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “म्हणजे दुरुस्ती चालू असताना आलो असतो, तर मीही छपरापर्यंत गेलो असतो.” खरंच आहे. किल्ला धडधाकट असताना ज्यांना वर जाता येत नाही, त्यांना किल्ला आजारी असताना वर जाता आलं. मूळ वास्तूला धक्का न लावता. परांची तात्पुरती असते, तिच्यात हवी तेवढी सोय करता येते. हा विचार ज्याला कोणाला सुचला त्याला माझा नमस्कार.

पैशांचंही बोललं पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट १,००० येन होतं. २०२६ च्या मार्चपासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन झालं, शहरातल्या रहिवाशांना १,००० च राहिलं आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत झाला. सुरुवातीला परदेशी पाहुण्यांना वेगळा जादा दर लावायची चर्चा होती, ती मागे पडली. झालं ते बरं झालं. राष्ट्रीयत्व पाहून दर ठरवण्यापेक्षा, ज्या गावाने तो ठेवा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला त्या गावाला सवलत देणं जास्त न्याय्य आहे. आपल्याकडे केंद्राच्या ताब्यातल्या वास्तूंवर भारतीयांना एक दर आणि परदेशी पाहुण्यांना अनेक पट दर असतो. त्याचा फेरविचार व्हावा. आणि मुलांना मोफत ठेवणं तर फार शहाणपणाचं. वाढीव पैसे मी आनंदाने देईन, कारण ते कुठे जातात हे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सांध्यात मला दिसलं आहे.

आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत, ११ जुलैला, बातमी आली. मराठ्यांच्या लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ज्या यादीत हिमेजी १९९३ साली गेला, त्याच यादीत आता रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर आहेत. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीही वाटले. आणि मनात तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं.

कारण मला भीती वाटते. माझ्या वडिलांनी ज्या देवळाच्या सभामंडपाचा गिलावा केला होता, त्याचा काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. गावाचं नाव मी सांगत नाही, कोणाला दुखवायचं नाही. महिनाभर भोवती पत्रे लावलेले होते. पत्रे निघाले तेव्हा चुन्यावर सिमेंटचा थर आणि त्यावर तकतकीत तैलरंग. सगळे खूश होते. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या बुडाला फोड आले, रंगाचे पापुद्रे सुटले आणि आतला दगड भुगा होऊन गळू लागला. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. हे वडिलांना माहीत होतं. पण पत्र्याआड काय चाललं आहे ते बघायला गावातलं कोणी गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तरी बघून कळेल असं माणूस गावात उरलं नव्हतं. ज्यांनी ते काम केलं त्यांच्याही मनात खोट नव्हती. त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिली, या बारा किल्ल्यांवर जिथं दुरुस्तीची परांची चढेल, तिथं तिला एक खिडकी ठेवा. हिमेजीसारखे काचेचे मजले कोणी मागत नाही. सुरक्षित कठडा, एक फलक आणि काय चाललं आहे ते सांगणारा एक माणूस, एवढं पुरे. दर रविवारी गडावर जाऊन टाकी उपसणारी, झुडपं काढणारी आपली शेकडो मुलं-मुली आहेत. सगळ्यात आधी तीच त्या खिडकीशी उभी राहतील. दुसरी, जो दगड बदलला, जो चुना नवा भरला, त्याची जागा आणि वर्ष नोंदवा आणि ती नोंद गडाखालच्या गावात वाचायला ठेवा. काढलेला जुना भाग टाकू नका, मांडून ठेवा. तिसरी, चुन्याचं काम जाणणारे जे मोजके हात अजून चालते आहेत, त्यांच्या हाताखाली पगारावर शिकाऊ मुलं ठेवा. चुना पुस्तकातून येत नाही. घाणीतला चुना कधी झाला हे वडील थापीवर घेऊन, थापी उलटी करून सांगायचे. मला त्यांनी कितीदा तरी दाखवलं, पण मी शाळेत रमले आणि माझ्या हातात ते उतरलं नाही. ते गेले तेव्हा तो अंदाज त्यांच्याबरोबर गेला. त्याची खंत मला आजही आहे.

कोणी म्हणेल, लोकांसमोर काम करायचं म्हणजे चुकाही लोकांसमोर होणार. होऊ देत. हिमेजीने कुजलेला खांब लोकांसमोर ठेवला, त्याने किल्ल्याची शान गेली नाही. उलट, पुढच्या सुताराला कुजणं कुठून सुरू होतं हे कळलं. आमच्या देवळाची चूक पत्र्याआड झाली, म्हणून तिच्यातून कोणी काही शिकलं नाही.

कोबेच्या त्या आजींचा नातू छपराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. तसं बोट दाखवणारं मूल मला शिवनेरीच्या, लोहगडाच्या, सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी हवं आहे. त्याने पन्नाशीत आपल्या नातवाला घेऊन गडावर जावं, तटाच्या एखाद्या दगडापाशी थांबावं आणि सांगावं, हा दगड इथं बसवला तेव्हा मी इथंच उभा होतो, बघत होतो.